गुण आला, पण कशाने?

१ एप्रिल १९२९. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये, ६५ वर्षांचे एक गृहस्थ डॉ. फिलिप हेंच यांच्यासमोर बसले होते. ते स्वतःही डॉक्टर होते आणि संधिवाताने बेजार झालेले होते. त्यांनी सांगितलं ते असं: मध्यंतरी कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून सांधे मोकळे व्हायला लागले. कावीळ चार आठवड्यांत गेली, पण सांध्यांना आराम पडला तो पुढे सात महिने टिकला.

असं सांगणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, आहे हे नात्यागोत्यात पसरलं, तेव्हापासून मला निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तांब्याचं कडं, रिकाम्या पोटी लसूण, मधमाशीचा डंख आणि गुजरातेतल्या कुठल्याशा गावची पुडी एवढं सगळं सुचवून झालं आहे. सांगणारे आपुलकीनेच सांगतात. शेवटचं वाक्यही ठरलेलं: "अगं, त्यांना गुण आला ना!" मला या वाक्याचा पूर्वी फार राग यायचा. हल्ली येत नाही, कारण मी रोज ज्या औषधांच्या जिवावर भाकरी थापते, त्यांतली निम्मी तरी अशाच कुणाच्या तरी 'गुण आला'पासून सुरू झाली आहेत. फरक पडतो तो हे वाक्य ऐकणारा पुढे काय करतो, त्यात.

हेंच यांनी पुढे १९ वर्षं त्या वाक्याचा पिच्छा पुरवला. कावीळ झाल्यावर सांधे सुटलेले आणखी रुग्ण त्यांनी शोधले. गरोदरपणातही पुष्कळ बायकांचा आजार ओसरतो आणि बाळंतपणानंतर उसळून येतो, हे त्यांनी टिपलं. कावीळ बायका-पुरुषांना दोघांनाही होते, गरोदर फक्त बाई राहते. मग दोन्हींत समान असं शरीरात काय वाढत असेल? त्यांनी त्याला नाव दिलं 'एक्स' आणि त्याच्या मागे लागले. रुग्णांना पित्त देऊन पाहिलं, पित्तक्षार देऊन पाहिले, कावीळ झालेल्या माणसाचं रक्त चढवून पाहिलं, एका औषधाने मुद्दाम कावीळ आणूनही पाहिली. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने हा प्रस्ताव कागदासकट परत पाठवला असता. यातून ठामपणे हाती काहीच लागलं नाही.

त्याच मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून एकेक द्रव्य वेगळं काढत होते आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं देत होते. दोघांच्या बोलण्यातून १९४१ साली असं निघालं की त्यांतलं 'ई' हे द्रव्य संधिवातावर वापरून पाहावं. हेंचनी ते वहीत टिपून ठेवलं. मग युद्ध आलं, आणि 'ई' मिळणं तर त्याहून दुरापास्त. मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट यांनी ते तयार करण्याची वाट शोधली, तीही छत्तीस पायऱ्यांच्या आसपासची, आणि कच्चा माल म्हणून वापरलं ते काय, तर गुरांचं पित्त! म्हणजे हेंच ज्या पित्तात औषध शोधत होते, त्यात ते नव्हतंच. पण कारखान्यात ते तयार झालं पित्तातूनच. हा योगायोग कुणी कथेत घातला असता तर संपादकाने ओढूनताणून आणलाय म्हणून कापला असता.

२१ सप्टेंबर १९४८ ला अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला पहिलं इंजेक्शन दिलं, दिवसाला १०० मिलिग्रॅम. तीन दिवसांत ती चालायला लागली, आठवडाभरात गावात खरेदीला जाऊन आली. पुढच्या एप्रिलमध्ये हेंचनी रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या चालण्याच्या फिल्म सहकाऱ्यांना दाखवल्या, तेव्हा सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. द्रव्याचं नाव ठेवलं कॉर्टिसोन. १९५० चं नोबेल हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन या तिघांना मिळालं. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत जेमतेम दोन वर्षं!

पण तोवर चेहरे सुजायला लागले होते. हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मन ढळणं, आणि औषध थांबवलं की आजार दुप्पट जोराने परत येणं. ज्याला चमत्कार म्हटलं त्याचं बिल नंतर आलं. कॉर्टिसोनच्या कुळातली औषधं म्हणजेच स्टेरॉइड. आज स्टेरॉइड वापरतातच, आणि योग्य वेळी, योग्य मात्रेत ते जीव वाचवतं. पण माझ्या डॉक्टरीणबाई ते लिहून देताना खाली कधी कमी करायचं आणि कधी बंद करायचं, तेही लगेच लिहितात.

आता त्या पुडीकडे येते. ती घेऊन गुण येतो, हे खोटं नाही. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी ती घ्यायला लागल्या आणि चार दिवसांत जिना चढून वर आल्या. चेहरा भरला, भूक वाढली, सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. सहा-आठ महिन्यांनी तपासलं तेव्हा साखर चढलेली, अंगावर निळेकाळे डाग, आणि पुडी संपली त्या आठवड्यात तर उठवेना. 'वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक पुड्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांसारखं स्टेरॉइड सापडलं आहे. म्हणजे हेंचच्याच औषधाचं भावंड, फक्त लेबल नसलेलं, मात्रा ठाऊक नसलेलं. ज्यांनी रॉचेस्टरमध्ये टाळ्या वाजवल्या त्यांनी जे पाहिलं, तेच वहिनींच्या घरच्यांनी पाहिलं. आणि अशी पुडी एकदम सोडणंही धोक्याचं, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळतंय म्हटल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी काम थांबवून बसलेली असते. तेव्हा कुणी घेत असेल तर ओरडू नका, पुडीसकट डॉक्टरांकडे न्या.

माझं मुख्य औषध मात्र मेथोट्रेक्सेट. २.५ मिलिग्रॅमच्या पिवळ्या, तुरीच्या डाळीएवढ्या गोळ्या. रविवारी रात्री जेवणानंतर सहा एकदम. आठवड्यातून एकदाच. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी प्रत्येक रविवारी 'मे.' असं लिहिलेलं असतं आणि गोळ्या घेतल्या की त्यावर काट. हा खटाटोप यासाठी की ही गोळी चुकून रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणं बंद पडतं, तोंड आतून सोलवटतं, माणूस दगावूही शकतो. आमच्या मेडिकलवाल्याकडे नवीन पोरगा आला होता. त्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काकू, ही कॅन्सरची ना?"

तो चुकीचं बोलत नव्हता. या गोळीचा जन्म खरंच कॅन्सरच्या खोलीतला. आणि जन्माला घालणाऱ्यांत मुख्य माणूस आंध्रातला. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या भावाला स्प्रू नावाच्या आजाराने नेलं. त्यात आतड्यांना अन्न शोषता येत नाही आणि रक्त कमी होत जातं. सुब्बाराव अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये वर्षानुवर्षं राबले, १९४० मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कारखान्यात बनवण्याची रीत शोधली. स्प्रूवर ज्या जीवनसत्त्वाने गुण येतो, ते हेच. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करत होते. फॉलिक ॲसिड दिलं तर कॅन्सर उलट फोफावतो असा त्यांना संशय आला. मग त्यांनी लेडर्लेकडे मागितलं ते फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण पेशीला फसवणारं द्रव्य. सुब्बारावांच्या माणसांनी ते करून दिलं: ॲमिनोप्टेरिन. त्याचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट. मुलांचा कॅन्सर पहिल्यांदाच औषधाने मागे हटला, निदान काही काळ. फार्बर यांचा लेख १९४८ च्या जूनमध्ये छापून आला, ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. वय अवघं ५३.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड गुबनर यांनी ॲमिनोप्टेरिन संधिवाताच्या सहा-सात रुग्णांना देऊन पाहिलं. बहुतेकांचे सांधे सुधारले. आणि एकाला सोरायसिस होतं, ते अंगावरून गेलं. ही निरीक्षणं त्यांनी छापली. पुढे? त्वचेच्या डॉक्टरांनी धागा उचलला, सांध्यांच्या डॉक्टरांनी जवळपास नाही. तेव्हा सगळ्यांचे डोळे कॉर्टिसोनवर होते. नोबेल नुकतंच मिळालेलं, कॅन्सरचं विष सांध्यांना कोण देणार? संधिवातावर मेथोट्रेक्सेटच्या नीट बेतलेल्या चाचण्या १९८५ च्या आसपास झाल्या आणि अमेरिकेत त्याला या आजारासाठी परवानगी मिळाली १९८८ मध्ये. मधल्या ३५ वर्षांत किती जणांच्या हातांची बोटं वाकडी झाली असतील, हा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माझी आजी त्यांतलीच. तिच्या बोटांना पिळलेल्या मुळ्यांसारखा बाक आला होता आणि ती मुटका वळताना मनगटाचा वापर करायची.

माझ्या डब्यात दुसऱ्या कप्प्यात फॉलिक ॲसिडची गोळी असते. ती बाकीच्या दिवसांत घ्यायची, मेथोट्रेक्सेटने तोंड येऊ नये, यकृताला त्रास कमी व्हावा म्हणून. फॉलिक ॲसिडला अडवणारं औषध घ्यायचं आणि वर फॉलिक ॲसिडही घ्यायचं, तरी सांध्यांवरचा परिणाम फारसा घटत नाही! कारण कॅन्सरमध्ये जे काम मोठ्या मात्रेत होतं, ते सांध्यांत होतच नसावं. इथे ते बहुधा ॲडेनोसिन नावाचं दाह शमवणारं द्रव्य वाढवून काम करतं. दोन्ही गोळ्या सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या. आपल्याकडे रस्ते आणि पुलांना नावं द्यायला माणसं शोधत हिंडतात, आणि या माणसाचं नाव शंभरातल्या पाचांना ठाऊक नसेल.

चुकीच्या कारणासाठी योग्य औषध, हा प्रकार या शाखेत इतक्यांदा झाला आहे की मला आता त्याची गंमतही वाटते आणि धसकाही. सोन्याचंच बघा. १८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांना दिसलं की सोन्याचा एक क्षार बशीतल्या क्षयाच्या जंतूंना वाढू देत नाही. १९२९ मध्ये फ्रान्सचे झाक फोरेस्तिए यांना वाटलं की संधिवात हा क्षयाचाच भाऊबंद, तर सोनं इथेही चालेल. संधिवात क्षयाचा कुणीही नाही, आणि तरी सोन्याच्या इंजेक्शनांनी कित्येकांना गुण आला. ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास रीतसर तुलना करून पाहिली, तेव्हाही तो खरा ठरला. माझ्या पिढीच्या आधी पुण्यामुंबईतही रुग्ण सोन्याची इंजेक्शनं घेत, बायका सांगायच्या, "अंगावर घालायचं सोनं नाही, अंगात घातलं."

पण क्षयाने एवढ्यावर पाठ सोडली नाही. लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये दाखवलं की सुजलेल्या सांध्यात टीएनएफ नावाचा रेणू बाकीच्या आगलाव्यांचा मुकादम असतो. त्याला धरलं की खालचे आपोआप गप्प बसतात. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी औषध दिलं. हे औषधही मुळात दुसऱ्याच कामासाठी, रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या झटक्यासाठी अजमावलं जात होतं. तिथे जमलं नाही. सांध्यांत असं जमलं की बायोलॉजिकल, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या, औषधांचं सगळं युगच तिथून सुरू झालं. मग २००१ मध्ये लक्षात आलं की ही इंजेक्शनं घेणाऱ्यांत क्षय उफाळतोय, आणि पुष्कळदा सरळ फुप्फुसातला नाही, त्याबाहेरचा, काहींत तर शरीरभर पसरलेला. वर्षानुवर्षं झोपलेल्या जंतूंभोवती शरीर जी भिंत बांधून ठेवतं, ती टिकवायला टीएनएफच लागतो. आपल्याकडे अशा झोपलेल्या जंतूंचं कुळ घरोघरी. म्हणून इथे बायोलॉजिकल सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची माँटू ही त्वचेवरची चाचणी किंवा रक्ताची तपासणी केल्याशिवाय कुठलाही शहाणा रुमॅटॉलॉजिस्ट पुढे जात नाही.

आणि कधीकधी फोरेस्तिए यांचा तर्क थोडासा बरोबरही ठरतो. फ्रान्समधल्या लिओं शहरातले शल्यविशारद आंतोनां पाँसे यांनी १८९७ मध्ये एक अजब आजार सांगितला: गुडघे, घोटे सुजलेले, पण त्यांतल्या पाण्यात जंतू नाही, जंतू कुठल्या तरी गाठीत किंवा फुप्फुसात बसलेला. स्टेरॉइड देऊन हा आजार वाढतो आणि क्षयाची औषधं दिली की काही आठवड्यांत सांधे आपोआप उतरतात. भारतातले डॉक्टर हा 'पाँसे' अजून पाहतात. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत मानेच्या गाठी चाचपल्या आणि रात्री घाम येतो का, वजन उतरलं का, असं खोदून विचारलं. तेव्हा मला वाटलं होतं, सांध्यांचं सोडून हे काय?

मलेरियाच्या औषधाची गोष्ट उलट्या दिशेने सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरिया होऊ नये म्हणून मेपाक्रिन खायला घालत. त्यांतल्या काहींच्या अंगावरचे ल्युपसचे (हाही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) चट्टे आणि सांध्यांची दुखणी कमी झाली. १९५१ मध्ये लंडनच्या पेज यांनी ल्युपसच्या रुग्णांवर ते मुद्दाम वापरून निष्कर्ष छापले. त्याच कुळातलं सौम्य भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आज ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला आयुष्यभर असतं, डोळ्यांचा पडदा अधूनमधून तपासायचा एवढंच पथ्य. मार्च २०२० मध्ये एका छोट्या फ्रेंच अभ्यासावरून जगभर ओरड झाली की कोविडवर याने गुण येतो. आमच्या मेडिकलमध्ये एका आठवड्यात खोकी संपली. ज्यांना सर्दीही नव्हती अशांनी घरात भरून ठेवली, आणि ल्युपस असलेली आमच्या सोसायटीतली मुलगी लॉकडाउनमध्ये दुकानादुकानांतून फिरून चार-चार गोळ्या जमवत राहिली. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीने सांगितलं की दवाखान्यातल्या कोविड रुग्णांना याचा उपयोग नाही. सैनिकांचं 'गुण आला' आणि मार्चमधलं 'गुण आला', दोन्ही ऐकायला सारखीच होती. एकाला पडताळायला माणसांनी धीर धरला, दुसऱ्याला कुणी धीर धरू दिला नाही.

नेहमी रुग्णच काहीतरी सांगतो असंही नाही. कधी त्याचं म्हणणं चार विभागांच्या फायलींत वाटलं गेलेलं असतं. उतारवयातले पुरुष, ताप हटत नाही, कानाची पाळी सोडून वरचा कूर्चेचा भाग लाल होऊन सुजतो, अंगावर दुखरे चट्टे, फुप्फुसात डाग, रक्त कमी. कानवाला एक नाव देई, त्वचावाला दुसरं, रक्तवाला तिसरं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आधी रुग्ण न बघता २५६० जणांच्या जनुकांची छाननी केली. त्यात तीन पुरुष असे सापडले ज्यांच्या रक्तपेशींतल्या एकाच जनुकात, यूबीए-१ मध्ये, एकाच ठिकाणी खोट होती. शोधत गेले तसे २५ झाले. ही खोट वारशाने येत नाही, उतारवयात अस्थिमज्जेत आपोआप उपजते. आजाराला नाव मिळालं व्हेक्सास. आता जगभरचे डॉक्टर जुन्या फायली उघडून बसले आहेत.

तिकडे २०१४ मध्ये येल विद्यापीठात डोक्यापासून भुवयांपर्यंत जवळजवळ केसच नसलेल्या २५ वर्षांच्या एका तरुणाला संधिवाताची गोळी टोफासिटिनिब दिली आणि आठ महिन्यांत त्याच्या डोक्यावर दाट केस आले. ही बातमी माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या काकांनी पाठवली. तिघंही टक्कल पडलेले. त्यांना समजावून सांगावं लागलं की तुमचं टक्कल वयाचं, त्याचं प्रतिकारशक्तीचं. तुम्हाला फक्त जंतुसंसर्गाचा धोका मिळेल, केस नाहीत.

सध्या माझं लक्ष आहे ते जर्मनीतल्या एर्लांगेनकडे. २०२१ मध्ये तिथे गेओर्ग शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपस मूत्रपिंडांपर्यंत पोचलेल्या २० वर्षांच्या एका मुलीवर कार-टी उपचार केले. तिच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, काढल्या, त्यांना प्रतिद्रव्यांचा उगम असलेल्या बी-पेशी ओळखून मारायला शिकवलं आणि परत शरीरात सोडल्या. बी-पेशी गेल्या, त्यांच्याबरोबर स्वतःवरच उलटणारी प्रतिद्रव्यंही गेली. काही महिन्यांनी नव्या बी-पेशी उगवल्या त्या जणू पहिला पाढा विसरून. नंतरच्या रुग्णांतही ल्युपसची औषधं बंद करता आली. हाही उपचार कॅन्सरचाच, मेथोट्रेक्सेटसारखा. आणि यात आपला धागा थेट आहे: पवईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून देशी कार-टी बनवलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला रक्ताच्या काही कॅन्सरांसाठी भारतात परवानगी मिळाली, परदेशातल्या किमतीच्या कितीतरी कमी दरात. तरी लाखांतच. ल्युपससाठी ती परवानगी नाही, आणि एर्लांगेनच्या रुग्णांची दहा-वीस वर्षांनी काय स्थिती असेल हे बघायला ती वर्षंच जावी लागतील.

मागच्या भेटीत मी बाईंना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या मनगटाचा सांधा दाबला, सीआरपीचा, म्हणजे रक्तातून दाह मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "तुमचं सहा गोळ्यांत भागतंय हो. बाकी काही वेगळं जाणवतंय का ते सांगा." मी सांगितलं की देवीचा ताप आल्यासारखा एकदा सडकून ताप आला होता, त्या चार दिवसांत बोटं अगदी हलकी होती. त्यांनी पेन उघडलं, तारीख विचारली आणि ते लिहून घेतलं.